मायलोने पिस्तूल घेतलं

वस्तू घ्यावी तर मायलो स्टॅनिचने! गावात हे वाक्य दुसरं कुणी म्हणायच्या आत मायलो स्वतःच म्हणून टाकायचा, ही गोष्ट वेगळी. पण त्यात तथ्य होतं. मोंटानातल्या त्या गावात तांब्याची भट्टी बंद पडून जमाना झाला होता आणि पैसा जपून वापरायची सवय सगळ्यांच्याच अंगात मुरली होती. तरीही मायलोची तऱ्हा न्यारी. कुणाला बर्फातले टायर घ्यायचेत, बोलवा मायलोला. कुणाचा फ्रीज गेलाय, मायलो हजर! तो लांबून येताना दिसला की दुकानदार ‘जेवायला गेलोय’ची पाटी लावत. साडू वारला तेव्हा शवपेटी ठरवायलासुद्धा मायलोच गेला होता. घासाघीस करून पितळी कड्या त्याने फुकटात लावून घेतल्या, आणि मग पार्किंगमध्ये गाडीला टेकून लहान मुलासारखा रडला. गस म्हणजे त्याचा साडू कमी आणि मित्र जास्त होता.

गस गेल्यापासून दोन हिवाळे नॉर्माने रायफलीला हात लावला नव्हता. नॉर्मा म्हणजे गसची बायको आणि मायलोच्या बायकोची, डार्लीनची, मोठी बहीण. बासष्ट वर्षांची, काटक. डोंगर चढताना तिच्यामागे जाणाऱ्या तरुणांची जीभ बाहेर यायची. यंदा तिच्या नावाने एल्कच्या मादीच्या शिकारीचा परवाना निघाला. आता एल्क म्हणजे हरीणच, पण घोड्याएवढं. एकटीने मारता येईल, पण एकटीने डोंगरावरून खाली आणता यायचं नाही.

“ताई, तू एकटी जायचं नाहीस,” डार्लीन स्वयंपाकघरात हात पुसत म्हणाली. “त्या खोऱ्यात ग्रिझली अस्वल फिरतंय. गेल्या साली एकाचं अख्खं मांस त्याच्या डोळ्यांदेखत नेलं!”

“एकटी कुठे? मायलोला दे ना माझ्याबरोबर.”

डार्लीनने आधी बहिणीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मायलो तेव्हा टोस्टरमध्ये अडकलेला पाव काट्याने उकरत होता.

“याला?”

“हो. यालाच.”

मायलोची छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण तुटायचं तेवढं बाकी राहिलं. म्हणजे नॉर्माने, जिने गावातल्या भल्याभल्या शिकाऱ्यांना पाणी पाजलं होतं तिने, आपली निवड केली! “मी राखण करीन,” तो काटा उंचावून म्हणाला. “तू एल्क सोलशील तेव्हा तुझे दोन्ही हात आत. रायफल झाडाला टेकलेली. अशा वेळी राखणदाराच्या अंगावर हत्यार पाहिजे. छोटं, चटकन निघणारं. मी पिस्तूल घेतो!”

“मिरचीचा फवारा घे. माझ्याकडे आहे, तूही एक घे. पुरे होतं.”

“फवारा? अस्वलाला काय फोडणी द्यायचीय? नॉर्मा, तू खरेदीचं माझ्यावर सोड. चांगलं आणि स्वस्त पिस्तूल निवडणं हे मायलोचं काम!”

नॉर्मा काहीतरी बोलणार होती, पण तोवर मायलो कोट चढवून बाहेर पडलासुद्धा.

लॉइडच्या दुकानात त्या दिवशी चार रिकामटेकडे शेगडीपाशी बसले होते. त्या चौघांची मिळून चाळीस मतं होती. एक म्हणाला, गोळी मोठी पाहिजे. दुसरा म्हणाला, गोळ्या जास्त पाहिजेत. तिसरा म्हणाला, अस्वल आलंच तर शेवटची गोळी स्वतःसाठी ठेव. चौथ्याला कमी ऐकू यायचं. त्याला वाटत होतं की मायलो बर्फ फेकायचं यंत्र घ्यायला आलाय, आणि तो पेट्रोलवर चालणारंच घे म्हणून सांगत होता.

लॉइडने काउंटरवर कापड अंथरलं आणि तीन हत्यारं मांडली. पहिलं कोरं करकरीत, काळं, पंधरा गोळ्यांचं. किंमत ऐकून मायलोने त्याला बोटसुद्धा लावलं नाही. “याला चाकं कुठायत?” त्याने विचारलं. दुसरं हलकंफुलकं रिव्हॉल्व्हर. खिशात ठेवलं तरी कळत नाही, पण लॉइडच म्हणाला, “एकदा उडवलंत की मनगटाला आठवडाभर कळतं.” तिसरं मात्र जुनं, पोलादी, सहा गोळ्यांचं. मुठीचं लाकूड एका कोपऱ्यात उडालेलं. वजन चांगल्या जाड बटाट्यांच्या पिशवीएवढं.

“हे!” मायलो म्हणाला.

“हत्यार चांगलं आहे,” लॉइड म्हणाला. “वजनामुळे दणका कमी बसतो, नेमही बरा लागतो. पण मायलो, एक ऐक. अस्वलाच्या देशात हत्यार अंगावर राहिलं पाहिजे आणि मागितल्याबरोबर हातात आलं पाहिजे. नाहीतर कितीही महाग घे, त्याचा उपयोग पेपरवेटएवढाच. तेव्हा ही छातीवर बांधायची खोळ बरोबर घे. अशी बसते, अशी निघते.”

खोळ सुंदर होती. जाड कातडं, पितळी बकलं, पाठीवरून येणारे दोन पट्टे. मायलोने किमतीची चिठ्ठी उलटली आणि त्याच्या तोंडून शीळ निघाली.

“लॉइड, मी पिस्तूल घ्यायला आलोय, गाय नाही! पाकिटाला एवढे पैसे?”

“त्यात काटकसर करू नकोस.”

“पिस्तुलात पैसे कमी कर, मग बघू.”

लॉइडने पिस्तुलात पैसे कमी केले. मायलोने मग बघितलं, आणि खोळ घेतली नाही. विजयी वीरासारखा घरी आला.

खोळ डार्लीनने शिवली. मायलोच्या आईची एक आरामखुर्ची तळघरात पडून होती, मोहरीच्या रंगाची, खऱ्या कातड्याची. तिची पाठ कापली. पट्टे जुन्या दप्तराचे लावले. आता शिवायचं तर माप पाहिजे. पण डार्लीनचा नियम कडक: पिस्तूल गॅरेजमधल्या तिजोरीत. रिकामं असलं तरी तिच्या स्वयंपाकघरात ते येणार नाही म्हणजे नाही!

“मग माप कशाचं घेऊ?”

डार्लीनने इकडेतिकडे पाहिलं. न्हाणीघरात गेली. केस वाळवायचं यंत्र घेऊन आली. “असंच असतं ना साधारण? इकडे नळी, इकडे मूठ.”

“साधारण असंच,” मायलो म्हणाला. कारण त्याला नवी खोळ बघायची घाई झाली होती.

खोळ केस वाळवायच्या यंत्राला काय बसली म्हणता! जणू त्या यंत्राच्या आजोबांपासूनचं माप घेतलं होतं. पुढचे आठ दिवस मायलो दिवाणखान्यातल्या आरशासमोर उभा राहून सराव करत होता. हात छातीवर, बटण टप्प, यंत्र बाहेर! टप्प, बाहेर! टप्प, बाहेर! वीज काय चमकेल! एकदा वायर पायात अडकून तो दिव्यासकट सोफ्यावर पडला, पण तेवढं चालायचंच.

नॉर्मा नेमकी अशाच वेळी दारात येऊन उभी राहिली. मायलो आरशातल्या मायलोवर यंत्र रोखून, एक डोळा मिटून उभा.

“अस्वलाचे केस ओले असतील म्हणून चाललायस का?” तिने विचारलं.

“वेग बघ! वेग!”

“बघितला. पिस्तूलही असंच निघतं ना?”

“म्हणजे काय!” मायलो म्हणाला.

खरं सांगायचं तर गॅरेजमध्ये त्याने खरं पिस्तूल खोळीत घालून पाहिलं होतं. गेलं, पण रुसून गेलं. बाहेर काढताना नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी आतल्या शिवणीत अडकत होती. जरा इकडे, जरा तिकडे हलवलं की सुटायची. ‘नवं कातडं आहे,’ मायलोने स्वतःची समजूत घातली. ‘होईल सैल.’ बिचाऱ्या आईने त्या खुर्चीत तीस वर्षं बसून काढली होती. एवढ्या वर्षांत जे कातडं सैल झालं नाही, ते आता मायलोसाठी होणार होतं!

जायच्या दिवशी पहाटे नॉर्माच्या जुन्या ट्रकमधून ते निघाले. रस्ता संपला तिथे ट्रक लावला. दोघांनी नारिंगी जाकिटं चढवली. मायलोने सहा काडतुसं भरली, खोळ छातीवर बांधली, आणि त्या क्षणी एक फार मोठा निर्णय घेतला. आजपासून आपण शिकारी. आणि शिकारी बोलत नाही.

हे किती मोठं होतं ते तुम्हाला मायलो माहीत असल्याशिवाय कळायचं नाही. दातांच्या डॉक्टरकडे तोंडात तीन अवजारं असतानासुद्धा हा माणूस टायरचे भाव सांगायचा. डार्लीन म्हणायची, हा झोपेत बोलतो आणि मध्येमध्ये जागा होऊन पुन्हा बोलतो. तो मायलो त्या पहाटे ओठ शिवल्यासारखा गप्प झाला.

चढावर ते गप्प राहणं बरोबरच होतं. नॉर्मा पुढे, मायलो मागे. उंच सरळसोट पाइनची झाडं, खाली वादळात पडलेल्या ओंडक्यांचा नुसता खच, सावलीत बर्फाचे पांढरे डाग. नॉर्मा ओंडक्यांवरून मांजरीसारखी जात होती. मायलोच्या छातीवर ते पोलादी धूड पावलागणिक आपटत होतं, पण हूं की चूं नाही. ऊन झाडांच्या शेंड्यांवर आलं तेव्हा नॉर्मा एकदम खाली बसली. गवताच्या छोट्याशा मोकळ्या जागेत तीन एल्क चरत होते. तिने रायफल ओंडक्यावर टेकवली. बराच वेळ काहीच झालं नाही. मायलोला स्वतःच्या हृदयाचे ठोके पिस्तुलावर वाजताना ऐकू येत होते. मग एकच बार. दोन एल्क उधळले. तिसरी मादी चार पावलं चालली आणि आडवी झाली.

नॉर्मा जागची हलली नाही. तिने टोपी काढली आणि छातीशी धरली. मायलोला कळलं की हिला आत्ता गस आठवतोय. त्यालाही आठवत होता. पण तो बोलला नाही. शिकारी बोलत नाही!

ते खाली गेले. नॉर्माने बाह्या सरसावल्या, सुरी काढली, रायफल मागच्या झाडाला टेकवली. “चल,” ती मोठ्या आवाजात म्हणाली. “आता बोल.”

मायलोने ओठांवर बोट ठेवलं.

“अरे, आता गप्प राहायची गरज नाही. बार सगळ्या खोऱ्याने ऐकलाय. बोल काहीतरी.”

मायलोने मान हलवली. कानामागे हात धरला. डोळे बारीक करून झाडीकडे रोखले. मी कान लावून राखण करतोय, असा त्याचा अर्थ होता.

“तब्येत बरी आहे ना तुझी?”

मायलोने अंगठा दाखवला.

नॉर्मा पुटपुटत कामाला लागली. मध्येच काहीतरी गुणगुणायची, पण वाकून, कोपरापर्यंत हात आत घालून मांस कापताना माणसाला गाण्याला दम कुठून राहणार? गाणं दोन ओळींत विझायचं. पुढचा एक पाय सुटला, मग दुसरा. मायलोने ते उचलून ओंडक्यावर ठेवले. वर डोमकावळे जमायला लागले. वाऱ्याने तोंड फिरवलं. आता तो खालून वर, त्यांच्याकडून दाट झाडीकडे वाहत होता. मायलोला त्यात काही विशेष वाटलं नाही.

विशेष वाटलं ते नंतर. समोरच्या झाडावर एक खार मघापासून किचकिचत होती. ती एकदम थांबली. मग कावळे उठले, सगळे एकदम. आणि झाडीत काहीतरी मोडलं. काटकी नव्हे. काटकी मोडल्याचा आवाज वेगळा. हा मनगटाएवढ्या फांदीचा होता, आणि ज्याने मोडली त्याला तिची फिकीर नव्हती.

मग वारा क्षणभर पडला आणि वास आला. ओल्या कुत्र्याचा, कुजलेल्या पानांचा.

आणि मग ते दिसलं. दोन ओंडक्यांच्या मधून आधी डोकं, खाली झुकवलेलं. पाठीवर तो उंचवटा. टोकाला चंदेरी झाक असलेले तपकिरी केस चालताना लाटेसारखे हलत होते. दिवाणखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत असतं ना, असल्या दोन खोल्यांएवढंच अंतर होतं मध्ये. मायलोच्या मनात पहिला विचार आला तो असा, की एवढ्या मोठ्या अंगाला एवढे छोटे कान कसे?

“मायलो.” नॉर्माचा आवाज अगदी सपाट होता. तिचे हात अजून एल्कच्या आतच होते. “हलू नकोस. आणि पळू तर मुळीच नकोस.”

“पळतंय कोण? माझे पाय कुठेयत तेच कळेना!”

दिवसभरातलं त्याचं पहिलं वाक्य!

“पिस्तूल काढ. सावकाश.”

मायलोचा हात छातीवर गेला. बटण टप्प. आणि पिस्तूल… पिस्तूल तिथेच. त्याने ओढलं. जरा इकडे हलवलं, जरा तिकडे हलवलं. गॅरेजमध्ये सुटायचं. इथे सुटेना.

आता एक सांगायला हवं. एरवी नॉर्माशी अगंतुगं करणारा मायलो पार घाबरला की तिला अहोजाहो करायचा.

“अहो नॉर्माताई,” तो कुजबुजला, “येत नाहीये हो.”

“काय येत नाहीये?”

“हे.”

“बटण काढलंस का?”

“काढलं. माशी अडकलीय!”

“एवढ्या थंडीत माशी कुठली?”

“नळीवरची हो! नळीवरची!”

नॉर्माने डोळे मिटले आणि उघडले. अस्वल दोन पावलं पुढे आलं आणि जबडा वाजवला. टक्, टक्. दोन ठोकळे एकमेकांवर आपटावेत तसा आवाज. मायलोने जिवाच्या आकांताने दोन्ही हातांनी मूठ धरून वर हिसका दिला. पिस्तूल निघालं! पण खोळीसकट निघालं. डाव्या बाजूची शिवण टरकन फाटली, दप्तराचा पट्टा गळ्यात अडकला, उजवा कोपर दुसऱ्या पट्ट्यात गुंतून कानाशी गेला, आणि मायलो स्टॅनिच अशा अवस्थेत उभा राहिला की एक हात वर, मान वाकडी, आणि हनुवटीखाली आईच्या आरामखुर्चीचा एक तुकडा, तोही अस्वलावर रोखलेला!

अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं.

त्याला नुसतं बघायचं असावं. समोर जे काही चाललं होतं ते त्यानेही उभ्या आयुष्यात पाहिलं नसणार. पण ते उभं राहिलं तेव्हा मागचं आकाश नाहीसं झालं.

“चापावर बोट ठेवू नकोस!” नॉर्मा म्हणाली. “गळ्यापाशी आहे तुझ्या.”

“बोट कुठेय तेच माहीत नाही हो!”

“ठीक. मी फवारा काढते. तू त्याच्याशी बोल. हळू, शांतपणे. आपण माणसं आहोत हे कळू दे त्याला.”

नॉर्माने हात बाहेर काढले. कोपरापर्यंत रक्त आणि चरबी. कमरेचा फवारा तिने धरला आणि तो माशासारखा निसटला. पुन्हा धरला. वरची अडकण काढायला अंगठा लावला, अंगठा घसरला. पँटला पुसला, पुन्हा घसरला. तिचा श्वास आता मोठ्याने ऐकू येत होता. मायलोने आयुष्यात पहिल्यांदाच नॉर्माला घाबरलेलं पाहिलं. आणि ते पाहणं अस्वल पाहण्यापेक्षाही वाईट होतं.

‘बोल,’ ती म्हणाली होती. पण अस्वलाशी काय बोलणार? मायलोला जगात एकच बोलणं मनापासून येत होतं.

“हे बघा भाऊसाहेब,” तो म्हणाला. आवाज चिरकला, त्याने घसा साफ केला. “हे बघा, माल तुम्हाला पसंत आहे ते दिसतंय. माल आहेच चांगला. आजच सकाळचा. आता आपण असं करू. हे पुढचे दोन पाय तुमचे. ओंडक्यावर काढूनच ठेवलेत. मागचे दोन आमचे. कसं?”

अस्वल खाली चारी पायांवर आलं. धप्प! जमिनीचा दणका मायलोच्या बुटात जाणवला.

“बरं, बरगड्या वर. फुकट! बरगड्यांचं नाव काढणार नाही मी.”

टक्, टक्, टक्.

“मागे सर,” नॉर्मा म्हणाली. “बोलत बोलत मागे सर.”

“मागचा एक पाय घ्या, एक आम्हाला द्या. आमचीही तंगडतोड झालीय भाऊसाहेब, काहीतरी विचार करा…”

“सगळं दे रे त्याला!”

“अहो, पहिल्या बोलीतच सगळं दिलं तर…”

“मायलो!!”

“दिलं! सगळं दिलं!”

आणि तेवढ्यात त्याची टाच ओंडक्याला लागली. हात गुंतलेला, तोल कशाने सावरणार? मायलो उताणा पडला, दोन ओंडक्यांच्या खाचेत बरोबर रुतला, कासव उलटं करून ठेवावं तसा. खोळ आता मानेखाली गेली होती. तो ओरडला. ते ओरडणं ऐकलं आणि अस्वल सुटलं.

उताण्या माणसाला काय दिसणार? त्याला झाडांचे शेंडे दिसत होते आणि मधला निळा आभाळाचा तुकडा. बाकी सगळं त्याने ऐकलं. मोडणारी लाकडं. भात्यासारखा श्वास, हुफ्, हुफ्, हुफ्, जवळ, आणखी जवळ. त्याला डार्लीन आठवली. गॅसचं बिल कुठे ठेवलंय ते तिला सांगितलेलं नाही, हे आठवलं. मग नॉर्माचे बूट त्याच्या डोक्याशेजारून धाडकन पुढे गेले. मागे नव्हे, पुढे! तिने अडकण दातांनी उपटून थुंकली, त्याच्या आणि अस्वलाच्या मध्ये उभी राहिली, आणि फुस्स करून एक भगवा ढग सोडला.

अस्वल थांबलं. ढगाच्या पलीकडून एक शिंक आली. अशी शिंक मायलोने कधी ऐकली नव्हती; जणू एखाद्याने ट्रक शिंकायला लावला. मग दुसरी. मग पाठ फिरवून, फांद्या मोडत, रागारागाने कण्हत ते वर झाडीत गेलं.

आणि खालून आलेल्या एका झुळुकीने ढगातला निम्मा भाग अस्वलामागे पाठवला. उरलेला निम्मा, झुळूक विरताच, शांतपणे खाली बसला. नेमका त्या खाचेत. नेमका मायलोवर!

मायलोच्या डोळ्यांत, नाकात, घशात जे काही पेटलं ते सांगायची सोय नाही. नॉर्माने त्याला कॉलरला धरून उपसलं, दुसऱ्या हाताने झाडाची रायफल घेतली, आणि दोघं मागे सरत, सरत, त्या उतारावरून बाहेर पडले. पलीकडच्या टेकाडावर आल्यावर तिने दुर्बिणीतून पाहिलं. अस्वल परतलं होतं. एल्कवर पंजांनी माती ओढून ते तिच्यावर पोट टेकून बसलं होतं. आता ती मादी त्याची होती, नि नॉर्माचा यंदाचा परवाना वापरून झाला होता.

“नेलं का सगळं?” आंधळ्या मायलोने विचारलं.

“सगळं.”

“बरगड्याही?”

“चल.”

मायलोने फाटक्या खोळीचा लोंबता पट्टा नॉर्माच्या हातात दिला, आणि ती त्याला त्या पट्ट्याने ओढत डोंगर उतरवू लागली. आणि उतरताना मायलोचं तोंड सुटलं. काय सुटलं! सकाळपासून तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. अस्वलाचे कान, लॉइडची खोळ, फवाऱ्याचा भाव, दोन घेतले तर एकावर सूट मिळेल का, ओंडके कुणी उचलत का नाही, सरकार करतंय काय. वाटेत दूरवर दोन हरणं पळाली, चार पक्षी उडाले. अर्ध्या मैलात जिवंत म्हणून काही जवळ फिरकलं नाही.

ट्रकपाशी आल्यावर नॉर्माने बाटलीभर पाणी त्याच्या डोळ्यांवर ओतलं. मग ट्रकमधल्या सुरीने खोळ उभी चिरली, पिस्तूल बाहेर काढलं, सहाच्या सहा काडतुसं काढून खिशात टाकली, आणि मागच्या फळीवर मटकन बसली.

“आता बोलतोस,” ती म्हणाली. “आत्ता! मेल्या, सकाळपासून काय झालं होतं तुला?”

“मी शिकाऱ्यासारखा गप्प…”

“गस एल्क सोलताना काय करायचा माहितीये? बडबड. अखंड. गाणी म्हणायचा, भांडायचा, रेडिओवरच्या जाहिराती म्हणून दाखवायचा. तीस वर्षांत एक अस्वल जवळ आलं नाही. माणसाचा आवाज ऐकला की ती लांबून वळतात. मांसाजवळ कुणी गप्प दिसलं, तर बघायला येतात.” तिने त्याच्याकडे पाहिलं. “गस गेल्यावर गावात तसा बोलणारा एकच माणूस उरला होता. तुला काय वाटलं, मी तुला पिस्तुलासाठी आणलं? मी तुला तोंडासाठी आणलं होतं!”

मायलोचे लाल, सुजलेले डोळे उघडे राहिले.

“हे बघा भाऊसाहेब,” नॉर्मा हळूच म्हणाली, आणि तिच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज निघाला. मग दुसरा. मग ती हसायला लागली ती थांबेचना. फळीवर आडवी झाली, पोट धरलं, टोपी पडली. हसता हसता केव्हा रडायला लागली ते तिचं तिलाच कळलं नाही. मायलो शेजारी बसून राहिला. त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यातलं मिरचीचं किती आणि गसचं किती, कोण सांगणार? “बरगड्या वर फुकट,” ती हुंदक्यातून म्हणाली. “गसने हे ऐकायला हवं होतं रे!”

संध्याकाळी डार्लीनचं स्वयंपाकघर दालचिनीच्या वासाने भरलं होतं. मायलोच्या आईकडून शिकलेली अक्रोडाची गुंडाळी, पोव्हिटित्सा, तिने मुद्दाम भाजली होती; मांस येणार म्हणून फ्रीजरही रिकामा करून ठेवला होता. तिने रिकाम्या हातांच्या दोघांकडे पाहिलं. नवऱ्याच्या टोमॅटोसारख्या डोळ्यांकडे पाहिलं. आरामखुर्चीच्या चिंध्यांकडे पाहिलं.

“काय झालं? खरं सांगा.”

“काही नाही गं,” नॉर्मा खुर्ची ओढत म्हणाली. “एल्क मिळाली. पण लांब, पार पलीकडच्या उतारावर, एक अस्वल दिसलं. म्हटलं, कशाला उगाच? मांस तिथेच सोडून शहाण्यासारखे परत आलो.”

“पलीकडच्या उतारावर?”

“दुर्बिणीतून दिसलं. ठिपक्याएवढं.”

“मग याचे डोळे?”

“वारा फार होता.”

“आणि खोळ?”

“काट्यात अडकली.”

डार्लीनने सुटकेचा निःश्वास सोडला. “ताई, नाहीतर मी आज ठरवलंच होतं. जवळ बिवळ आलं असतं ना, तर तुला पुन्हा त्या डोंगरात पाऊल टाकू दिलं नसतं. यालाही नाही!” ती कॉफी आणायला वळली.

मायलोला मात्र हे सहन होईना. ठिपक्याएवढं? त्याचं एवढं मोठं, त्याच्या हक्काचं अस्वल! ज्याचा श्वास त्याने कानाने ऐकला, ज्याच्याशी त्याने तोंडातोंडी बोलणी केली!

“ठिपक्याएवढं?” त्याने तोंड उघडलं. “अगं डार्लीन, त्याचे दात मी…”

नॉर्माने ताटातला गुंडाळीचा सगळ्यात जाड तुकडा उचलला आणि त्या उघड्या तोंडात कोंबला.

“खा बाबा, खा,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी लागणार आहे मला ते तोंड.”